परिच्छेद एक्केचाळीसवरची टीप

निकाल दिल्लीत लागला साडेदहाला.
आमच्याकडे पोचला दुपारी चारला,
गावभागातल्या जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्याकडून,
एकशे अठरा पानं, सुतळीनं बांधलेली, अजून कोमट.

मगदूमबाई निकाल शेवटाकडून वाचतात.
आधी आदेश, मग अल्पमत, मग बाकीचं.
वाचता वाचता कपाटाच्या तळच्या रांगेकडे हात जातो,
जिथली पुस्तकं पुरात फुगली ती फुगलीच.
तिथं एकविसावं कलम विसाव्याला चिकटलंय,
दरवेळी पट्टी घालून सोडवावं लागतं.

मी टाइप करते. दिलशाद मुजावर, सनद तीन वर्षांची.
बाईंचं भाष्य वकील संघाच्या अंकात येतं,
दीड पान, जाहिरातींच्या आधी.

हौसाबाई आवळे आमची पक्षकार.
आता ती अपीलकर्ती क्रमांक तीन.
एवढ्या पानांत तिचं नाव दोनदा,
एकदा शीर्षकात, एकदा चुकीचं.

पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीवर बसली नव्हती.
नवरा चेंबरमध्ये उतरला,
तो वर येईना म्हणून दीर उतरला.
एवढं सांगून गप्प.
बाईंनी पाणी दिलं, ते हातात धरून म्हणाली,
"माझा बा हरिपुरात हळदीच्या पेवावर हुता.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा दोरीनं.
कंदील इझला तर माणूस उतरायचा न्हाई,
मग वर मालक का हुबा असंना.
ह्यास्नी उतरवताना कुणी कंदील सोडला हुता का?
तेवढं इचारा कोर्टाला."

विचारलं.
अर्जात लिहिलं 'दिवा',
हायकोर्टात तो 'सुरक्षा साधन' झाला,
आणि वर पोचेपर्यंत,
परिच्छेद एक्केचाळीस,
'पुरेशा पूर्वदक्षतेचा अभाव'.

बहुमत म्हणतं, भरपाई आठ आठवड्यांत द्यावी.
यंत्रं कधी आणायची, माणसं कधी थांबवायची
हा धोरणाचा प्रश्न,
त्यात न्यायालयाने उतरू नये.
"उतरू नये," बाई वाचतात.
चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा वाचतात.
"दिलशाद, हे क्रियापद अधोरेखित कर."

तिसऱ्या न्यायमूर्तींनी सव्वीस पानं वेगळी लिहिलीत.
ते विचारतात, वर उभा होता त्याला काय माहीत होतं?
बाईंना ती सव्वीस पानं आवडली
पण त्यांतही कंदील नाही.

इंग्रजी प्रतीत कलम म्हणतं 'हिज लाइफ'.
मराठीत व्यक्ती स्त्रीलिंगी,
म्हणून आपोआप 'तिचे जीवित'.
व्याकरणाची सोय, दुसरं काही नाही,
असं मी म्हणाले होते.
बाईंनी ते हौसाबाईला वाचून दाखवलं तेव्हा
ती पुढं सरकली,
"माझं लिवलंय व्हय त्यात?"
आणि आम्हा दोघींनाही
लगेच नाही म्हणता आलं नाही.

परवा आली होती, बँकेचं पासबुक घेऊन.
रक्कम कितीची ते तिनं विचारलं नाही.
"मग कंदलाचं काय म्हन्ले?"
बाईंनी खिडकी उघडली, उगाचच,
उकडत नव्हतं.

आज भाष्य द्यायचा शेवटचा दिवस.
बाईंनी नऊ संदर्भ काढून टाकले,
दोन जुने खटले, स्वतःचंच एक लाडकं वाक्य,
आणि सगळ्यात शेवटी सांगितलं,
शुद्धिपत्रात घालतात तसं घाल:

पान त्रेसष्ट, ओळ अकरा.
'पुरेशा पूर्वदक्षतेचा अभाव' याऐवजी
'कंदील सोडला नव्हता'
असे वाचावे.

संपादकांचा फोन आला, ही चूक आहे का म्हणून.
नाही, तसंच ठेवा, मी म्हणाले.
त्याच्या खाली पाव पान जाहिरात लागली आहे,
हळद आणि बेदाण्यासाठी
नवीन कोल्ड स्टोअरेज, तासगाव रोड.